समाधान कुणी कुणाला सांगायचं?

(सोलापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवून मागं बसायची परंपरा आजही निष्ठेनं पाळणारे श्रोतेहो,

संयोजकांनी विषय दिला, ‘समाधान हीच सुखाची किल्ली’. मी फोनवर विचारलं, शेवटी प्रश्नचिन्ह आहे का? ते म्हणाले, ‘सर, पत्रिका छापून झालीय, तुम्ही बोलताना टाका.’ ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांना उलट प्रश्न विचारणारा विद्यार्थी आवडायचा असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून ती मुभा घेतो आणि प्रश्नचिन्ह टाकूनच बोलायला उभा राहतो.

या विषयाला सोलापूरइतकं योग्य गाव दुसरं नसेल. उजनीसारखं धरण आपल्याच जिल्ह्यात, तिथलं पाणी पाइपानं शहरात येतं, आणि तरी वर्षानुवर्षं आपल्यातल्या कितीतरी घरांत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पुण्याचा पाहुणा हे ऐकून हबकतो. आपणच त्याची समजूत घालतो : ‘सवय झालीय हो. टाकी आहे, ड्रम आहेत, भागतं.’ आणि ठरल्या दिवशी ठरल्या वेळी पाणी आलं की घरात सणासारखी लगबग. मी स्वतः पहाटे उठून पिंपं भरल्यावर चहाचा पहिला घोट अगदी तृप्त मनानं घेतलेला आहे. ते समाधान खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण ते माझ्या उपयोगाचं जास्त होतं की पाणी सोडणाऱ्याच्या, हा विचार चहा संपल्यावर डोक्यात येतो.

आधी समाधानाच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू भक्कम आहे. अमेरिकेत १९७८ साली फिलिप ब्रिकमन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यात मोठी लॉटरी लागलेल्या बावीस जणांना गाठलं. आसपासच्या सर्वसाधारण लोकांपेक्षा ते काही फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा मारणं, न्याहारी करणं, एखादा विनोद ऐकणं, असल्या रोजच्या गोष्टींतली गोडी त्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होती. हे कळायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. घरात पहिली स्कूटर आली तेव्हा तिला हार घातला, रूपाभवानीच्या देवळात नेली, गल्लीत पेढे वाटले. आता दुसरी चारचाकी येते तेव्हा ती लावायची कुठं यावरून शेजाऱ्याशी भांडण. हव्यासाला तळ नसतो, हे आपल्या आजीला ठाऊक होतं आणि ब्रिकमनला आकडे मांडून ठाऊक झालं. यावर वाद नाही.

आणि समाधानी माणूस कसा असतो, हे दाखवायला आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष उदाहरण आहे. माढा तालुक्यातलं अरण. तिथले सावता माळी. पंढरपूर हाकेच्या अंतरावर. आळंदीपासून, देहूपासून माणसं पायी तिथं येतात. पण सावतोबा पंढरीला गेले नाहीत अशी परंपरा आहे. मळ्यात काम होतं. मोट चालवायची होती, वाफ्याला पाणी द्यायचं होतं, खुरपणी होती. त्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, आणि कथा अशी की विठ्ठलच त्यांना शोधत मळ्यात आला. आजही पंढरपूरहून देवाची पालखी अरणला येते. सगळ्या संतांच्या पालख्या देवाकडं जातात, इथं देव भक्ताकडं येतो. मला या माणसाचं समाधान फार मोठं वाटतं. त्यात आळस नाही, कुढणं नाही, कुणाशी तुलना नाही. हातातलं काम आणि मनातला देव यांत अंतर उरलेलं नाही. १२९५ साली ते गेले. सातशे वर्षं झाली तरी सुखी माणसाचं याहून स्वच्छ चित्र मराठीत दुसरं सापडत नाही.

फक्त एक गोष्ट आपण या चित्रातून वगळतो. सावतोबांकडं मळा होता.

मळा होता, विहीर होती, मोट होती. लावलेलं उगवेल आणि उगवलेलं घरी येईल याची बऱ्यापैकी शाश्वती होती. आता त्याच जिल्ह्यातलं दुसरं गाव घ्या, मंगळवेढा. तिथं चोखोबा. भक्तीत सावतोबांच्या तसूभरही मागं नाहीत. पण त्यांच्या वाट्याला मळा नव्हता, गावाची पडेल ती कामं होती. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली असं सांगतात. समोर, म्हणजे बाहेर. अस्पृश्य म्हणून जिवंतपणी देवळाच्या ज्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता आलं नाही, मेल्यावरही त्याच्या आत जागा झाली नाही.

चोखोबांच्या अभंगांत शरणागती आहे तशी तक्रारही आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाई आहेत, आणि या दोघांचा मुलगा कर्ममेळा तर देवाला तोंडावर जाब विचारतो. कीर्तनात या घराण्याचे गोड अभंग जेवढे ऐकू येतात तेवढे हे जाब विचारणारे येत नाहीत. कारण उघड आहे. सावतोबांचं समाधान ऐकायला बरं वाटतं. कर्ममेळ्याचं असमाधान ऐकलं की आपण कुठं उभे आहोत ते पाहावं लागतं.

त्या उंबऱ्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडायचं मान्य झालं. चोखोबांच्या मृत्यूपासून मोजलं तर सहाशे नऊ वर्षं. इतकी वर्षं कुणीच सुखी नव्हतं का? होते की. बाहेरून कळसाला हात जोडून समाधान मानणारे पिढ्यानपिढ्या होते. त्यांच्या समाधानानं दार इंचभर सरकलं नाही. साने गुरुजींचं नाव काढलं की आपण ‘श्यामची आई’ आठवून डोळे पुसतो. पण ते मुळात फार असमाधानी गृहस्थ होते, आणि दार त्या असमाधानानं उघडलं.

आता मी तुम्हाला जरा दूर, बंगालात नेतो, कारण या विषयावर मला माहीत असलेला सगळ्यांत अस्वस्थ करणारा आकडा तिथला आहे. १९४३ च्या दुष्काळात बंगालात लाखो माणसं मेली. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या एका सरकारी आरोग्यसंस्थेनं सिंगूर भागात पाहणी केली. तिच्यात विधवा बायका होत्या आणि विधुर पुरुषही होते. तब्येत कशी आहे, असा साधा प्रश्न. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहे किंवा तब्येत यथातथाच. असं सांगणाऱ्या विधवा किती? २.५ टक्के. नुसती ‘यथातथा’ म्हणणारे विधुर ४५.६ टक्के होते, आणि विधवांमध्ये तसं म्हणणारी एकही नव्हती.

अमर्त्य सेन यांनी हे आकडे १९८५ च्या आपल्या पुस्तकात पुढं आणले. त्या काळची बंगाली हिंदू विधवा कशी जगत होती याची कल्पना करा. मासे वर्ज्य, जेवण एकवेळचं, एकादशीला पाणीसुद्धा नाही, घरात शेवटी जेवायचं आणि सगळ्यांत आधी उठायचं. त्यात दुष्काळ होऊन गेलेला. आणि ही बाई सांगते, तब्येत ठीक आहे. ती खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. तब्येत ही आपल्याला असू शकणारी गोष्ट आहे आणि ती बिघडली तर तक्रार करता येते, हेच तिच्यापर्यंत कधी पोचलेलं नव्हतं. विधुराला ते पोचलेलं होतं, म्हणून तो कण्हत होता.

म्हणून कुणी सुखाचे जागतिक तक्ते काढले की मी जरा सांभाळून वाचतो. २०२४ च्या तक्त्यात १४३ देशांत आपण १२६ वे आणि फिनलंड पहिला. तो तक्ता करताना माणसाला सांगतात, एक शिडी डोळ्यांपुढं आणा. शून्य ही सगळ्यांत खालची पायरी, दहा ही सगळ्यांत वरची. तुम्ही कितव्या पायरीवर आहात? पण शिडीचं वरचं टोक ज्यानं पाहिलेलंच नाही, त्यानं काय सांगावं? फिनलंडचे लोक थोडक्यात खूश असतात असं कौतुकानं लिहिलं जातं. असतीलही. पण पोराची शाळा आणि म्हाताऱ्याचं दवाखान्याचं बिल, या दोन्हींचा घोर ज्याला नाही त्याला थोडक्यात खूश होणं तितकंसं अवघड नसतं. तिथल्या प्रत्येकाकडं थोडाबहुत मळा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात आणून पाहू. विडी वळणाऱ्या बायका तुम्ही रोज पाहता, म्हणून बहुधा पाहिलेल्या नाहीत. मी एकदा एका ओसरीवर नीट बसून पाहिलं. मांडीवर सूप. सुपात भिजवलेली पानं, एका कडेला तंबाखू. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून त्या मापानं कात्री फिरते. मग चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंडाला नखानं दाबून घडी, दोऱ्याचा फेरा. डोळे टीव्हीवर, बोलणं शेजारणीशी तेलुगूत, आणि बोटं स्वतंत्र. अशा हजार झाल्या की मजुरी ठरते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेल्यावर तपासणारा काही विड्या बाजूला काढतो. त्या हिशेबात धरत नाहीत. पान खराब निघालं तरी तोटा तिचाच. दिवसभर नाकात तंबाखूची धूळ. मी मूर्खासारखा विचारलं, ‘कसं चाललंय?’ म्हणाली, ‘चाललंय की. बरंय.’

सिंगूरचं उत्तर! पण गोष्ट इथं संपत नाही. याच बायका हजारोंच्या संख्येनं रस्त्यावर उतरल्या, पुन्हा पुन्हा उतरल्या. मागणी घराची होती. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम, म्हणजे आपले आडम मास्तर, त्यांच्या पुढं होते. त्यांच्या पक्षाशी माझं फारसं जमत नाही, आणि विडी हा धंदा ओढणाऱ्याचा तसाच वळणाऱ्याचाही जीव खातो असं माझं मत आहे. तरी जे झालं ते झालं. अक्कलकोट रस्त्याला कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन ती घरं या बायकांच्या हवाली करून गेले. पुढं तिथंच रे नगर, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना; त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिली गेली. दोन पक्षांचे दोन पंतप्रधान आले. मोर्चातल्या बायका मात्र त्याच, किंवा त्यांच्या लेकी-सुना.

कुंभारीच्या वसाहतीत एका बाईंशी बोललो. सुरुवातीपासून तिथं राहतात. विचारलं, घर झाल्यावर काय फरक पडला? मला वाटलं, काही भावनिक सांगतील. म्हणाल्या, ‘एक तारीख आली की पोटात गोळा येत नाही. भाडं मागायला कोण येत नाही बगा.’ आणि लगेच पुढं : बस वेळेवर नाही, पाण्याचं असं आहे, दवाखाना लांब, पोराला शहरात नोकरी नाही. अर्धा तास तक्रारी. मी उठताना म्हणाल्या, ‘पण सुखात हाय आता.’

या बाई समाधानी की असमाधानी? आपल्या विषयाच्या चौकटीत त्यांना बसवता येत नाही, आणि दोष चौकटीचा आहे. ओसरीवरच्या बाईकडं तक्रार नव्हती, पण तिच्या ‘बरंय’वर माझा विश्वास बसला नाही. कुंभारीच्या बाईंकडं तक्रारींची यादी होती, आणि त्यांच्या ‘सुखात हाय’वर माझा पूर्ण विश्वास बसला.

वसाहतीला ज्यांचं नाव आहे त्या गोदूताई १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये काम करत होत्या. वेठबिगारीत पिढ्या गेलेले लोक. जमीनदारांच्या लेखी तेही गरीब, भोळे, असेल त्यात खूश असणारेच होते. गोदूताईंच्या पुस्तकाचं नाव आठवा, ‘जेव्हा माणूस जागा होतो’. झोपलेला माणूस दिसायला समाधानीच दिसतो.

कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही असंतोषाचा प्रचार करता आहात. थोडासा करतो आहे, आणि थोर सोबत आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानं १९१० साली टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटलं. त्यानं दूषण म्हणून म्हटलं, आपण बिरुद म्हणून मिरवलं. पण सगळाच असंतोष पवित्र नसतो. महाभारतात असंतोषाची सगळ्यांत जोरदार तरफदारी कोण करतो? दुर्योधन. इंद्रप्रस्थाचं वैभव पाहून त्याच्या पोटात दुखलं, आणि असंतोष हेच ऐश्वर्याचं मूळ असल्याचं तो बापाला पटवू लागला. आजच्या अर्ध्या जाहिराती त्याच चालीवर असतात.

त्याच महाभारतात समाधानाचा उपदेश कोण करतो, तेही बघा. वनवास-अज्ञातवास संपवून पांडव परत आले, राज्य मागू लागले. धृतराष्ट्रानं संजयाला त्यांच्याकडं पाठवलं. बरोबर राज्याचा तुकडा दिला नाही, उपदेश दिला. संजयानं युधिष्ठिराला काय काय सांगितलं : युद्ध वाईट, लोभ वाईट, लढून राज्य मिळवण्यापेक्षा भिक्षा मागून जगलेलं बरं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. अडचण एवढीच, की तो ज्याच्या ताब्यात राज्य होतं त्याच्या दरबारातून आला होता. युधिष्ठिर हा स्वभावानं पांडवांतला सगळ्यांत समाधानी माणूस. त्यानं उत्तर दिलं, निदान पाच गावं द्या. थोडक्यात भागवायला तो तयार होता, शून्यात भागवायला नव्हता. कुंभारीच्या बायकांनी मागितलेलं घर हे असंच पाच गावांमधलं होतं.

पतंजलीनं तर हा गुंता फार पूर्वी सोडवून ठेवला आहे, आपण तिकडं लक्ष दिलेलं नाही. संतोषातून सर्वोत्तम सुख मिळतं असं योगसूत्रांत सांगितलं आहे, आणि प्रवचनात ते नेहमी ऐकवतात. पण संतोष तिथं कोणत्या कप्प्यात ठेवलाय? यम आणि नियम असे दोन कप्पे. अहिंसा, सत्य, अस्तेय हे यमांमध्ये. दुसऱ्याशी कसं वागायचं त्याचे हे बंध. संतोष मात्र नियमांमध्ये, शौचाच्या शेजारी. शौच म्हणजे आपली शुद्धी आपण राखायची. संतोष तसाच, ज्याचा त्यानं पाळायचा. दुसऱ्याच्या बाबतीत पतंजलीनं सांगितलेली गोष्ट अस्तेय आहे, त्याचं घेऊ नका. आपण हे बरोबर उलटं केलंय. अस्तेय सोयीनं पाळतो आणि संतोष दुसऱ्याला वाटतो.

आणि असमाधानी माणूस दुःखीच असतो, हे तरी कुणी ठरवलं? याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ कोटणीस जन्मले. मुंबईत डॉक्टर झाले. इथं दवाखाना थाटून सुखात राहू शकले असते. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेले. बाकीचे परतले, हे राहिले, युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत. तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांना दुःखी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तर संयोजकांच्या विषयाला माझं उत्तर असं. माझ्या तिसऱ्या गाडीच्या हव्यासापुढं समाधान ही खरोखर किल्ली आहे, आणि ती मी रोज वापरायला हवी. पण माझ्या घरी भांडी घासणाऱ्या मावशी दोनशे रुपये वाढवून मागतात, यंत्रमागावरचा कामगार दिवाळीला बोनस मागतो, तेव्हा ‘आहे त्यात समाधान मानावं’ हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही. ते मानायचं की नाही, हे त्यांचं ते बघतील. मी माझं समाधान दोनशे रुपये कमी घेऊन दाखवावं.

शेवटी कार्यकर्त्यांना एक विनंती. पुढच्या वर्षी हाच विषय पुन्हा ठेवा, आणि माझ्यासारखा निवृत्तिवेतनवाला न बोलावता कुंभारीच्या त्या बाईंना बोलवा. त्या तासभर बोलतील, मी त्यांचं ऐकलेलं आहे. फक्त मानधन ठरवताना येण्याजाण्याचा रिक्षाखर्च आणि त्या दिवशी बुडालेल्या हजार विड्यांची मजुरी वेगळी धरा.